डीफ्रॅग लावताय? आधी शॅडो कॉपी बघा

बॅकअप घ्या. घेतलाय म्हणत असाल तर त्यातली एखादी फाइल परत काढून बघा, मग पुढचं.

आता शॅडो कॉपी. विंडोजच्या फाइल सर्व्हरवर लोक 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून कालची एक्सेल परत मिळवतात, त्या. मागच्या खेपेला मी बाकी सगळं तपासलं आणि नेमकं हेच राहिलं. सोमवारी अकाउंट्सवाल्यांना जुनी एकही प्रत सापडेना. डीफ्रॅग डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे उचलून दुसरीकडे, एकत्र ठेवतं. व्हॉल्यूमचा (म्हणजे त्या ड्राइव्हचा) क्लस्टर, म्हणजे जागा वाटपाचा सगळ्यात छोटा तुकडा, १६ केबीपेक्षा लहान असेल तर हे नुसतं हलवणं आहे की खरा बदल, हे व्हीएसएसला (शॅडो कॉपी सांभाळणारा विंडोजचा भाग) नीट ओळखता येत नाही. मग तो हललेल्या ब्लॉकच्या जुन्या प्रती राखीव जागेत भरत सुटतो, आणि जागा संपली की सगळ्यात जुन्या कॉपीपासून एकेक उडवतो. विचारत नाही. एनटीएफएसचा (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टीम) नेहमीचा क्लस्टर ४ केबी, म्हणजे तुमचाही बहुधा तोच. 'एफएसयूटिल एफएसइन्फो एनटीएफएसइन्फो' चालवा आणि 'बाइट्स पर क्लस्टर'ची ओळ वाचा. ४०९६ दिसलं तर हात आवरा. क्लस्टर वाढवायचा तर आख्खा व्हॉल्यूम फॉरमॅट करावा लागेल, तो विचार आज नकोच. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज'मध्ये कमाल मर्यादा बघा, जमेल तेवढी वाढवा, आणि तरीही ज्या जुन्या फाइली लागणारच आहेत त्या आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. ज्यांच्या फाइली आहेत त्यांना आधी विचारा.

डीफ्रॅगची गरज तरी आहे का? ॲरे (एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच) एसएसडीचा असेल तर विषय संपला, तिथे ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणं) पुरतं. सॅनवरचा (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवरचा) थिन लन, म्हणजे लागेल तशी जागा घेणारी आभासी डिस्क, असेल तर सरकवलेले ब्लॉक नवी जागा खातात, लन फुगतो आणि स्टोरेजवाले तुम्हालाच फोन करतात. फिरत्या डिस्क असतील तर डीफ्रॅग कमांडला '/ए /व्ही' लावून फक्त ॲनालिसिस करा. आकडा किरकोळ असेल तर घरी जा.

ॲरेची तब्येत कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्येच बघा, विंडोजला सगळं छानच दिसतं. रेड ५ (एक डिस्क गेली तरी चालणारा ॲरे) डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क गेलेली असताना किंवा रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर तिचा डेटा भरणं, चालू असताना डीफ्रॅग लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. उरलेल्या डिस्कवर आधीच ताण असतो आणि त्यातली एक गेली की ॲरे गेला. कन्सिस्टन्सी चेकचं (ॲरेतला डेटा जुळतो का, याची कंट्रोलरची तपासणी) वेळापत्रकही तपासा, ते बऱ्याचदा शनिवार-रविवारीच लावलेलं असतं, म्हणजे नेमकं तुमच्याच मुहूर्तावर.

मोकळी जागा १५ टक्के तरी हवी. आणि शॅडो कॉपीची राखीव जागा त्याच व्हॉल्यूमवर असेल तर ती वाढवल्यावर मोकळं किती उरतं, ते परत मोजा. हो, परत शॅडो कॉपी. बघितल्या ना?

ब्लॉक पातळीवरचा इन्क्रिमेंटल बॅकअप (फक्त बदललेले ब्लॉक घेणारा) असेल तर पुढचा बॅकअप अगडबंब निघू शकतो, बॅकअपच्या डिस्कवर जागा ठेवा. टास्क शेड्यूलरमधलं 'शेड्यूल्डडीफ्रॅग' आपणहून सुरू होणार नाही ना, तेही बघा. तुम्ही सगळं ठरवून शनिवारची रात्र धरायची आणि ते बुधवारीच शॅडो कॉपी खाऊन बसायचं.

अँटीव्हायरसचा स्कॅन त्या रात्री बंद. मधेच थांबवावं लागलं तर थांबवा, फाइली बिघडत नाहीत. चालू असताना अधूनमधून 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोज' मारा आणि कॉपी कमी होताना दिसल्या तर तिथल्या तिथे बंद करा. संपल्यावर परत ॲनालिसिस, इव्हेंट लॉगवर नजर, बाकी सकाळी.