४००७०८ चे अवयव पाडताना या चुका टाळा

ऐरोलीत शिकवणी घेताना मोठी संख्या हवी असली की मी फळ्यावर आपला पिनकोड लिहिते : ४००७०८. रोज पत्त्यात लिहिलेल्या संख्येच्या पोटात काय दडलंय, हे मुलांना मनापासून पाहायचं असतं. आणि नेहमीच्या बहुतेक चुका या एकाच संख्येत भेटतात.

एकक स्थानी ८ दिसला की मुलं थेट ८ ने भागायला घेतात. ८ साठी शेवटचे तीन अंक बघायचे. ७०८ ला ८ ने भागलं तर ४ बाकी उरते. ४ ला मात्र शेवटचे दोन, म्हणजे ०८, पुरतात.

सगळ्यात जास्त मार्क जातात ११ च्या कसोटीत. उजवीकडून विषम स्थानचे अंक ८ + ७ + ० = १५, सम स्थानचे ० + ० + ४ = ४, फरक ११. इथे हुशार मुलंसुद्धा लिहितात, ‘फरक शून्य आला नाही, भाग जात नाही.’ फरक शून्य किंवा ११ च्या पटीत असला तरी चालतो, हे अर्धं वाक्य पाठांतरात गळून पडतं. काही जण शून्यं ‘काही नाहीत’ म्हणून सोडून ४, ७, ८ एवढेच अंक घेतात आणि फरक ५ काढतात. शून्य जागा धरून बसतं. ते उडवलं की प्रत्येक अंकाचं स्थान सरकतं.

शंका वाटली तर १००१ वापरा. १००१ = ७ × ११ × १३, आणि ४००७०८ = ४०० × १००१ + ३०८. म्हणजे फक्त ३०८ तपासायचे : ७ ने भाग जातो, ११ ने जातो, १३ ने नाही. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती का चालते तेही त्याच ओळीत दिसतं.

४, ७ आणि ११ काढल्यावर उरतात १३०१. इथे कुणी लगेच ‘मूळ संख्या’ लिहून मोकळं होतं, तर कुणी शंभरच्या पुढेही भागत राहतं. ३६ चा वर्ग १२९६, ३७ चा १३६९. म्हणून ३१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की बास. एकानेही भाग जात नाही. उत्तर : २² × ७ × ११ × १३०१. यात ४ तसाच ठेवू नका, तो मूळ नाही.

एकूण विभाजक काढताना घातांकांची बेरीज करू नका. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा : ३ × २ × २ × २ = २४.

घणसोलीचा ४००७०१ घेऊन मसावि विचारला, तर दोन्हींचे अवयव पाडत बसू नका. फरक ७ आहे, म्हणून सामाईक विभाजक १ किंवा ७ च असू शकतो. वरच्याच १००१ च्या युक्तीने ७०१ − ४०० = ३०१ = ७ × ४३, म्हणजे ७ ने घणसोलीलाही भाग जातो. मसावि ७.