पोटातील अल्सर: उपचारांच्या जोडीने आहार आणि घरगुती उपाय कसे सांभाळावेत

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. पथ्य पाळल्यावर ती कधीकधी भरतेही; परंतु ज्या कारणाने ती पडली ते तसेच राहिले तर पुन्हा उघडते, आणि म्हणून स्वयंपाकघराकडे वळण्याआधी कारण शोधणे हे पहिले काम ठरते. बहुतेक अल्सरांमागे दोनच कारणे असतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी 1982 मध्ये हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, त्या कामासाठी त्यांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. तरीही आपल्याकडे अल्सरचे खापर मिसळीवर आणि ऑफिसातल्या ताणावरच फोडले जाते.

पहिली पायरी: निदान करून घ्यावे

छातीखाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळ झाली की पित्त वाढले असे समजून केमिस्टकडून गोळी घ्यायची आणि लोकल पकडायची, ही मुंबईकरांची रीतच आहे. एखाद्या दिवसापुरते ते ठीक आहे. मात्र दुखणे रिकाम्या पोटी वाढत असेल, मध्यरात्री झोपेतून उठवत असेल किंवा आठवड्यामागून आठवडे परत येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जिवाणूची तपासणी श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, केली जाते. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर श्वासाची चाचणी चुकीने निर्दोष येऊ शकते. त्या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे बंद असावी लागतात, याची कल्पना डॉक्टरांना आधीच द्यावी.

काही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांचा विचारही करू नये. डांबरासारखे काळे आणि चिकट शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक उठलेली असह्य कळ आणि फळीसारखे घट्ट झालेले पोट, चक्कर येऊन घाम सुटणे: यांपैकी काहीही झाले तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक, भायखळ्याचे जे. जे. यांपैकी जे जवळ असेल त्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते हे खरे, पण ते लोहामुळेच झाले असेल असे घरी बसून ठरवू नये.

दुसरी पायरी: घरातला गोळ्यांचा डबा उपसावा

जवळजवळ प्रत्येक घरात जुन्या बिस्किटांच्या डब्यात औषधांच्या अर्ध्या पट्ट्या साठलेल्या असतात. त्या सगळ्या टेबलावर काढाव्यात आणि मोठ्या अक्षरांतले नाव सोडून मागच्या बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव वाचावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही नावे दिसली तर त्या गोळ्या बाजूला ठेवाव्यात. गुडघेदुखी, पाठदुखी आणि मासिक पाळीतली दुखणी यांसाठी या गोळ्या वर्षानुवर्षे सहज घेतल्या जातात, आणि संयुक्त गोळीत पॅरासिटामॉलच्या सोबतीने लपलेले आयब्युप्रोफेन पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. नुसते पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत, पोटाला बरेच सुरक्षित असते. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय ती देणाऱ्या डॉक्टरांचाच. माझ्या मते अल्सरच्या रुग्णाने पथ्याच्या यादीपेक्षा या डब्यावर अर्धा तास आधी खर्च करावा.

तिसरी पायरी: जेवणाच्या वेळा बसवाव्यात

विरार किंवा बदलापूरहून सकाळी लवकर निघणारा माणूस चहा घोटून गाडी पकडतो, थेट दुपारी डबा उघडतो आणि रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवा होतो. चहा आणि कॉफी दोन्ही आम्लाचे स्रवण वाढवतात, त्यामुळे रिकाम्या पोटी त्या टाळून आधी केळे, पोळी किंवा दोन-चार घास उपमा खावा. चार-पाच तासांहून मोठी रिकामी वेळ पडू नये म्हणून पिशवीत राजगिऱ्याचा लाडू किंवा लाह्या ठेवाव्यात. याउलट, दर दोन तासांनी काहीतरी खात राहण्याचा जुना सल्लाही सोडून द्यावा, कारण प्रत्येक खाण्याबरोबर आम्ल पुन्हा सुटते. रात्रीचे जेवण हलके ठेवून ते आणि झोप यांत किमान दोन तास जाऊ द्यावेत. संकष्टीचे किंवा श्रावणी सोमवारचे कडक उपवास जखम भरेपर्यंत थांबवावेत. दिवसभर उपाशी राहून रात्री शेंगदाण्याच्या कुटातली तेलकट साबुदाणा खिचडी खाणे पोटाला जड जाते.

चौथी पायरी: ताटात काय असावे

अल्सर झाला म्हणजे आयुष्यभर अळणी, बेचव खावे लागते ही समजूत खोटी आहे. दिल्लीच्या डॉक्टरांनी 1984 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना रोज तीन ग्रॅम लाल तिखट दिले होते, आणि त्यामुळे अल्सर भरून येण्यात अडथळा आल्याचे दिसले नाही. याचा अर्थ झणझणीत रस्सा ओरपावा असा नव्हे, कारण तिखटाने जळजळ ज्याला होते त्याला होतेच. नियम सोपा आहे: जो पदार्थ खाल्ल्यावर दोन-तीनदा त्रास झाला, तो आपल्यापुरता वर्ज्य, बाकीचे खावे. त्यासाठी दोन आठवडे खाल्लेले आणि दुखलेले वहीत टिपून ठेवावे. कोणाला कोकमाची सोलकढी सोसत नाही, कोणाला तीच शांत करते.

फार दुखत असेल त्या दिवसांत मऊ भात, त्यावर साजूक तूप आणि मेतकूट, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, दुधी किंवा पडवळाची भाजी, उकडलेले अंडे किंवा वाफवलेला मासा घ्यावा. नाचणीची आंबील सकाळसाठी उत्तम. दोन चमचे नाचणीचे पीठ अर्धा कप गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवावे, दीड कप उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर सात-आठ मिनिटे ढवळावे. कच्चा वास जाऊन आंबील चकाकू लागली की उतरवावी. ती कोमट झाल्यावरच ताक, मीठ आणि जिरेपूड घालावी, नाहीतर ताक फाटते. दुखणे उतरले की कोंड्यासकट पोळी, कडधान्ये, पालेभाज्या, पेरू, सफरचंद हे सगळे परत आणावे. तंतुमय आहार घेणाऱ्यांत लहान आतड्याचा अल्सर कमी आढळतो.

दुधाबद्दल स्पष्ट सांगावे लागेल. 1915 मध्ये अमेरिकेत बर्ट्राम सिपी यांनी अल्सरच्या रुग्णांना तासातासाला दूध आणि साय देण्याची पद्धत आणली आणि ती अनेक दशके टिकली. दुधाने घटकाभर बरे वाटते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम काही वेळाने उलट आम्ल वाढवतात. जेवणातला पेलाभर दूध चालेल. रात्री उठून औषध म्हणून प्यायलेले दूध उपयोगाचे नाही.

पाचवी पायरी: घरगुती उपाय तारतम्याने वापरावेत

ज्येष्ठमधाला यात खरा आधार आहे. त्यातील घटकापासून बनवलेले कार्बेनोक्सोलोन हे औषध 1960 च्या दशकात युरोपात अल्सरवर वापरले जाई. मात्र ज्येष्ठमध रोज जास्त घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते आणि पायांवर सूज येते. म्हणून रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी ते घेऊच नये. इतरांनीही वैद्यांना विचारून, थोडे दिवसच घ्यावे. मध आणि कोबीचा रस यांचे गुणगान फार होते. मध प्रयोगशाळेत जिवाणूंना रोखतो, कच्च्या केळ्याच्या पिठाने प्राण्यांच्या जठराचे अस्तर जपले गेल्याचे प्रयोग आहेत, पण माणसाच्या अल्सरवर यांपैकी कशालाही उपचाराची जागा घेता आलेली नाही. आवडत असल्यास खावे, एवढेच. खाण्याचा सोडा आणि फसफसणारी चूर्णे क्षणिक आराम देतात व शरीरात भरपूर सोडियम टाकतात. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट आणि दारू बंद करणे हाच सर्वांत गुणकारी घरगुती उपाय आहे. सिगारेटमुळे तर जखम भरायलाच वेळ लागतो.

सहावी पायरी: औषध आणि आहार यांची सांगड घालावी

जिवाणू सापडल्यास बहुधा 14 दिवस अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी असा उपचार असतो. ही गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. जेवून घेतल्यास तिचा परिणाम उणावतो. उपचारात टेट्रासायक्लिन असेल तर ती दूध, दही, अँटासिड किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते आणि त्यासोबत दारू चालत नाही. पोट ढिले झाल्यास ताजे दही किंवा ताक, औषधापासून दोन-तीन तास अंतर ठेवून, उपयोगी पडते. बरे वाटले म्हणून सातव्या दिवशी गोळ्या सोडल्या तर जिवाणू उरतो आणि पुढच्या वेळी तीच औषधे लागू पडतीलच असे नाही.

सातवी पायरी: जिवाणू गेल्याची खात्री करावी

उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुन्हा करावी. जठरातला अल्सर असेल तर जखम भरली की नाही आणि तिच्यामागे कर्करोग तर नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर दुसऱ्यांदा एंडोस्कोपीही सांगतात. ती टाळू नये. चाचणीआधीचे दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात आणि त्या बंद केल्यावर आम्ल काही दिवस उसळी मारते. जळजळ परत आली, म्हणजे आजार परत आला, असे घाबरून गोळी चालू केली की चाचणी वाया जाते. हे दोन आठवडे मऊ भात, आंबील, लवकरचे रात्रीचे जेवण आणि डॉक्टरांनी परवानगी दिलेले पातळ अँटासिड यांवर काढावेत.