नवीन प्रोग्रॅमिंग लँग्वेज घेतली की ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं एकाच ऑब्जेक्टमध्ये बांधून प्रोग्रॅम लिहिणं) किती सोपं जाईल ते असं तपासा

भाषेत क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) हा कीवर्ड आहे म्हणजे ओओपी सोपं, असं धरून चालू नका. त्यापेक्षा एक छोटा प्रोग्रॅम लिहून बघा, वर्तुळ आणि चौकोन असे दोन ऑब्जेक्ट, दोघांना क्षेत्रफळ काढायची मेथड (ऑब्जेक्टचं स्वतःचं फंक्शन), आणि दोघं एकाच लिस्टमध्ये टाकून लूपमध्ये ती मेथड कॉल करायची, बास. एवढ्यात भाषेचा स्वभाव कळतो.

पायथनमध्ये हे पटकन होतं, दोघांचा कॉमन पॅरेंट क्लास (ज्याच्यावरून दोन्ही क्लास बनतात तो) सुद्धा लागत नाही, मेथडचं नाव सारखं असलं की झालं, फक्त प्रत्येक मेथडला सेल्फ (म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) लिहावं लागतं आणि खरंखुरं प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात लावता येणार नाही असं, काही नसतं. जावामध्ये आधी इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात त्याची यादी) लिहा मग क्लास, टायपिंग जास्त, पण चूक कंपाइल करतानाच पकडली जाते आणि मोठ्या टीमला हे फार उपयोगी पडतं. सी प्लस प्लसमध्ये बेस क्लासच्या (म्हणजे पॅरेंट क्लासच्या) मेथडला व्हर्च्युअल हा शब्द लावायचा आणि लिस्टमध्ये ऑब्जेक्ट नाही तर पॉइंटर (ऑब्जेक्टचे मेमरीतले पत्ते) ठेवायचे, नाहीतर बेस क्लासचीच मेथड चालते, नवीन लोक इथेच अडकतात.

जावास्क्रिप्टमध्ये क्लास 2015 ला आला पण आतून अजून प्रोटोटाइपच आहेत, म्हणजे एक ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टकडून मेथड घेतो. गो आणि रस्टमध्ये क्लास इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा बनवणं) नाहीच, तरी हा प्रोग्रॅम मस्त लिहिता येतो. सीमध्ये पण जमतं बरं का, स्ट्रक्टमध्ये (डेटाच्या गठ्ठ्यात) फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचा पत्ता, ठेवून, लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) हेच केलंय, फक्त सगळी जुळणी स्वतः करावी लागते.