राज्यसेवेची तयारी कशी करावी: पहिल्या महिन्यापासून लिहिण्याचा आराखडा

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं स्वतः लिहायची. हा बदल खरं तर 2023 मध्येच लागू होणार होता. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो दोन वर्षं पुढे ढकलला गेला. ती मुदत कधीच संपली. तरीही अनेक अभ्यासिकांमध्ये आजही सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त वाचन चालतं: हायलायटर फिरतो, पानं पिवळी होतात, आणि वहीत स्वतःच्या शब्दांत एक परिच्छेदही उतरत नाही. पूर्व परीक्षा झाल्यावर लेखनाला बसू, असं ठरवणाऱ्यांचा पेपर तीन तासांत पुरा होत नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: वाचन आणि लेखन पहिल्या महिन्यापासून बरोबरीनं चालू ठेवा.

गुण कुठे आहेत ते आधी बघा

पूर्व परीक्षेत एकाच दिवशी दोन पेपर असतात, प्रत्येकी 200 गुणांचे आणि दोन तासांचे. पहिला सामान्य अध्ययनाचा, त्यात 100 प्रश्न. दुसरा सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचं आकलन, गणित आणि बुद्धिमापनाचा, त्यात 80 प्रश्न. सीसॅट फक्त पात्रतेपुरता आहे, त्यात 33 टक्के म्हणजे 66 गुण लागतात. मुख्य परीक्षेला कोण बसणार हे पहिल्या पेपरवर ठरतं, आणि पूर्वचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत.

मुख्य परीक्षेत नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी हे प्रत्येकी 300 गुणांचे भाषेचे पेपर, त्यात 25 टक्के मिळाले की झालं. गुणवत्तेसाठी सात पेपर मोजले जातात: निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन. प्रत्येक 250 गुणांचा, एकूण 1750. मुलाखतीचे 275 धरून बेरीज 2025 होते. आता या आकड्यांकडे निवांत बघा. अंतिम यादी ठरवणाऱ्या 2025 गुणांपैकी 1750 तुमच्या हाताच्या लिखाणावर मिळतात. मग रोजच्या वेळापत्रकात लेखनाला शून्य तास कसे चालतील?

पहिले पंधरा दिवस पुस्तकं विकत घेऊ नका

आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या आणि छापून काढा. अभ्यासक्रमातली एकेक ओळ वाचायची आणि तिच्यावर पूर्व परीक्षेत काय विचारलं गेलं ते शोधायचं. मुख्य परीक्षेच्या नव्या पद्धतीच्या प्रश्नपत्रिका अजून मोजक्याच आहेत, पण अभ्यासक्रमाचा साचा संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेसारखा आहे, त्यामुळे तिथले जुने प्रश्न सरावाला बिनधास्त घ्या. फरक एवढाच की आपल्याकडे महाराष्ट्राचा भाग स्वतंत्रपणे करावा लागतो.

हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. पण अभ्यासक्रम तोंडपाठ झाला की बातमी वाचताना ती सामान्य अध्ययनाच्या कोणत्या पेपरात बसते हे आपोआप कळायला लागतं, आणि काय वाचायचं नाही हेही कळतं.

पाया: शालेय पुस्तकं, मग विषयाला एकच संदर्भग्रंथ

राज्य मंडळाची पाचवी ते बारावीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि विज्ञानाची पुस्तकं आधी संपवा. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यानंतर प्रत्येक विषयाला एकच जाड पुस्तक निवडा आणि तेच पुन्हा पुन्हा वाचा. तीन लेखकांची राज्यघटना एकेकदा वाचण्यापेक्षा एकाची तीनदा वाचलेली परीक्षेत आठवते.

भूगोलासाठी महाराष्ट्राचे कोरे नकाशे आणा. त्र्यंबकेश्वरपासून गोदावरी काढा, कराडला कृष्णेला मिळणारी कोयना आणि नृसिंहवाडीला मिळणारी पंचगंगा दाखवा, मग त्यावर धरणं, खनिजं, अभयारण्यं भरा. आठवड्यातून एक नकाशा हातानं काढला तर उत्तरपत्रिकेत अर्ध्या मिनिटात आकृती काढता येते.

अर्थव्यवस्थेसाठी राज्याची आर्थिक पाहणी वाचावीच लागेल. ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते. सगळे तक्ते पाठ करत बसू नका. शेती, सिंचन, उद्योग, राज्याचं कर्ज, आरोग्य, शिक्षण अशा दहाबारा विषयांचे ताजे आकडे एका पानावर उतरवा, तेवढं पुरतं.

एक विषय, एक पान

टिपणं म्हणजे पुस्तकाची छोटी नक्कल नव्हे. एक उदाहरण पूर्ण करून बघू: महाराष्ट्रातलं पंचायत राज.

पानाच्या वरच्या भागात कालक्रम. बलवंतराय मेहता समिती 1957. राज्य स्थापनेनंतर 1960 मध्ये वसंतराव नाईक समिती, तिचा अहवाल 1961 चा. त्याच वर्षी जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून त्रिस्तरीय रचना सुरू झाली. बोंगिरवार समिती 1970, प्रा. पी. बी. पाटील समिती 1984. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू, अकराव्या अनुसूचीत 29 विषय. अनुसूचित क्षेत्रांसाठी 1996 चा पेसा कायदा. राज्यात 2011 पासून महिलांना 50 टक्के आरक्षण. जिल्हे 36, जिल्हा परिषदा 34, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही. एवढा भाग पूर्व परीक्षेचा.

खालच्या अर्ध्या पानावर मुख्य परीक्षा. समित्यांनी काय सुचवलं आणि सरकारनं काय स्वीकारलं नाही? 29 विषयांपैकी प्रत्यक्षात किती अधिकार आणि किती निधी खाली गेला? 2022 नंतर निवडणुका रखडल्यामुळे अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, त्याचा परिणाम काय झाला? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथली ग्रामसभा इतरांपेक्षा वेगळी कशात?

एकच पान दोन्ही परीक्षांना पुरतं. पूर्व आणि मुख्य अशा दोन वेगळ्या वह्या केल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

उत्तर लिहायला कसं शिकायचं

इथे थोडं जास्त थांबू या, कारण सगळ्यात जास्त भीती याच भागाची असते. पहिल्या महिन्यात रोज एक उत्तर लिहा. पुस्तक समोर ठेवून लिहिलं तरी चालेल, घड्याळ लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पुस्तक मिटा. त्यानंतर घड्याळ लावा आणि रोज दोनतीन उत्तरांवर या. लेखन शक्यतो सकाळी करा. दिवसभराच्या वाचनानंतर हातही दमलेला असतो आणि डोकंही.

समजा प्रश्न आहे: ‘महाराष्ट्रातील ग्रामसभा दुबळ्या राहण्याची कारणे सांगून उपाय सुचवा.’ बरेच जण पहिल्याच वाक्यात प्राचीन काळातल्या सभा आणि समितीपासून सुरुवात करतात आणि निम्मी जागा इतिहासात घालवतात. प्रश्न इतिहासाचा नाहीच. सुरुवात अशी करता येईल: ‘कायद्याने ग्रामसभेला नियोजन आणि देखरेखीचे अधिकार दिले आहेत, परंतु गणपूर्तीचा अभाव, माहितीची टंचाई आणि निधीवरील मर्यादित नियंत्रण यांमुळे हे अधिकार बहुतांश कागदावर राहतात.’ दोन ओळींत उत्तराची दिशा कळली. पुढे या तीन कारणांना एकेक छोटा परिच्छेद, प्रत्येकात एक कलम, आकडा किंवा गावाचं उदाहरण. मग उपाय. प्रश्नात दोन मागण्या आहेत, कारणं आणि उपाय, तेव्हा दोन्हींना जागा मिळायलाच हवी. ‘चर्चा करा’, ‘टीकात्मक परीक्षण करा’, ‘स्पष्ट करा’ या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारायची सवय लावा.

तपासून कोण देणार? क्लासची टेस्ट सिरीज परवडत असेल तर घ्या. नसेल तर अभ्यासिकेतल्या तिघाचौघांनी आठवड्यातून एकदा एकमेकांच्या वह्या तपासाव्यात. तपासताना तीनच गोष्टी बघा: प्रश्नाचं उत्तर आलं का, उदाहरण आहे का, अक्षर सहज वाचता येतं का. छान लिहिलंय म्हणणाऱ्या मित्रापेक्षा लाल पेन चालवणारा मित्र शोधा.

निबंधासाठी पंधरा दिवसांतून एक पूर्ण निबंध पुरेसा आहे. सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरात, म्हणजे नीतिशास्त्रात, पोपटपंची अजिबात चालत नाही. फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा यांच्या कामातले ठोस प्रसंग तिथे वापरा. शाहू महाराजांनी 1902 मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या, हे एक वाक्य सामाजिक न्यायावरच्या दहा गोड वाक्यांपेक्षा वजनदार आहे.

वैकल्पिक विषय

1750 पैकी 500 गुण इथे आहेत. ‘स्कोअरिंग’ म्हणून कुणी सांगितलेला विषय घेऊ नका. निवडीआधी दोनतीन विषयांचा अभ्यासक्रम आणि मागचे प्रश्न वाचा, प्रत्येकाचं एक प्रकरण करून बघा, आणि मराठीत लिहिणार असाल तर त्या विषयाचं दर्जेदार मराठी साहित्य मिळतं का ते तपासा. तांत्रिक शाखेच्या मुलांची इथे हमखास अडचण होते. एकदा ठरलं की बदलायचं नाही.

पूर्व परीक्षेच्या आधीचे तीन महिने

आता भर बहुपर्यायी प्रश्नांवर. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे 25 टक्के गुण वजा होतात, म्हणजे पहिल्या पेपरात दोन गुणांच्या प्रश्नामागे अर्धा गुण. चारपैकी दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर उरलेल्या दोनांतून निवड करणं हिशेबानं फायद्याचं ठरतं. अशा चार प्रश्नांत सरासरी दोन बरोबर आले तरी चार गुण मिळतात आणि एक जातो. पण आपण पर्याय खरंच बाद करतो की तसा भास होतो, हे सरावातच कळतं. प्रत्येक सराव पेपरात अंदाजानं दिलेल्या उत्तरांपुढे खूण करा आणि त्यांतली किती बरोबर आली ते वेगळं मोजा. उत्तरपत्रिका भरण्याच्या सूचना मात्र त्या-त्या परीक्षेच्या नव्यानं वाचा.

सीसॅटला हलक्यात घेऊ नका. पहिल्या पेपरात भरपूर गुण असूनही 66 च्या खाली राहिलेली हुशार मुलं बघून जीव तुटतो. कला शाखेतून आलेल्यांनी रोज अर्धा तास गणित आणि बुद्धिमापन करावं, आणि उतारे मराठीत घड्याळ लावून सोडवावेत.

चालू घडामोडींना रोज एक मराठी वर्तमानपत्र आणि महिन्याला एक मासिक पुरे. मोबाइलवर दिवसभर येणाऱ्या पीडीएफ कुणी वाचत नाही, नुसत्या साठतात.

कागदपत्रं आजच काढा

हा भाग अभ्यासाइतकाच गंभीर आहे. अधिवास, जात, जात पडताळणी, नॉन-क्रीमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, खेळाडू किंवा दिव्यांग प्रमाणपत्र, जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका. अधिवास, जात, नॉन-क्रीमिलेअर आणि ईडब्ल्यूएस ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतात, बाकीची त्या-त्या कार्यालयातून. नॉन-क्रीमिलेअरची वैधता आर्थिक वर्षाला जोडलेली असते, त्यामुळे जाहिरातीत मागितलेल्या तारखेला ते चालतं का ते तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि लग्नानंतर बदललेलं नाव यांत फरक असेल तर राजपत्रातली नोंद वेळेत करून घ्या. निवड यादीत नाव येऊन कागदासाठी अडकणं फार जिव्हारी लागतं.

पैसा, जागा आणि दुसरा मार्ग

पुण्याच्या पेठांत राहिलंच पाहिजे असं नाही. खोली, मेस आणि अभ्यासिकेचा महिन्याचा खर्च घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो, आणि तिथे मिळणारं बहुतेक सगळं आता तालुक्याच्या गावीही मिळतं. जायचंच असेल तर पाया पक्का करून, टेस्ट सिरीजच्या काळापुरतं जा. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणासाठी योजना राबवतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

किती वर्षं द्यायची हे सुरुवातीलाच घरच्यांसोबत बसून ठरवा आणि कागदावर लिहा. गट ब आणि गट क च्या संयुक्त परीक्षांचा अभ्यास राज्यसेवेच्या पूर्वशी बराच जुळतो, त्यामुळे त्यांचे अर्ज भरत राहा. हाती पद आलं तर नोकरी करत राज्यसेवा देता येते, आणि असं करून पुढे उपजिल्हाधिकारी, तहसीलदार झालेले अधिकारी राज्यभर आहेत.

मुलाखतीची तयारी मुख्य परीक्षा संपल्यावर दोन आठवड्यांनी सुरू करा. आधी स्वतःचा अर्ज समोर ठेवा: गाव, पदवी, छंद, पदांचा पसंतीक्रम. प्रत्येक नोंदीवर पाच प्रश्न काढा. तालुक्यातली पिकं, पाण्याची स्थिती, रखडलेले प्रकल्प यांची माहिती इंटरनेटवर शोधण्याआधी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांना भेटून घ्या. तुम्ही ज्या पदासाठी बसणार आहात, त्याच्या हाताखाली रोज हीच माणसं काम करतात.