लग्नानंतर अमेरिकेत कायमचं जाताना: जळगाव-धुळ्यातल्या जोडीदारासाठी

जोडीदार अमेरिकी नागरिक असेल आणि लग्न इथेच करायचं असेल, तर सुरुवात बहुतेकदा होते विशेष विवाह कायदा १९५४ पासून. दोघांपैकी एकजण जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. त्यानंतर विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस, आणि नोटिशीचे पुन्हा ३० दिवस. पंधरा दिवसांच्या सुट्टीत हे बसत नाही, आधी हिशोब करा.

मग अमेरिकेतला जोडीदार आय-१३०, म्हणजे तुमचं नातं मान्य करून घेण्याचा अर्ज, भरतो. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागदपत्रं गोळा करणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे जाते. तिथे तुमचा डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, आणि जोडीदाराचा आय-८६४, म्हणजे आर्थिक हमीपत्र, लागतो. त्याचं उत्पन्न साधारणपणे तिथल्या दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के हवं. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो.

खरी अडचण नावांची. जन्मदाखल्यावर ‘सुनीताबाई’, आधारवर ‘सुनिता’, पासपोर्टवर वडिलांचं नाव अर्धवट. आपल्याकडे हे घरोघरी आहे. अर्ज भरण्याआधीच दुरुस्त्या करून घ्या. मराठी दाखल्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासह जोडा. पोलिस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतं.

वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच, व्हिसाची मुलाखत मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीत. एकत्र फोटो, प्रवासाची तिकिटं, फोनवरचं बोलणं तारखेनुसार लावून न्या. उत्तरं खरी द्या, पाठ केलेली नकोत.

प्रवेशाच्या दिवशी लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड २ वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची २ वर्षांची अट काढण्याचा अर्ज, भरायचा. ही तारीख चुकली तर तिथलं राहणंच धोक्यात येतं.