एकटं जाऊन चित्रं काढायचीत? आधी सामान कमी करा

मुंबईत चित्र काढणाऱ्याचा हात कसा तयार होतो माहितीये ना, वन रूम किचनमध्ये जमिनीवर कागद पसरायचा, दोन पावलं मागे सरकून बघायलाही जागा नाही, त्यात कुकरची शिट्टी, बेल, खाली भंगारवाला, मग चित्र आपोआप लहान होतं आणि घाईत संपवलं जातं. तर बाहेर जायचं ते ही घाई मोडायला, नवीन सीन मिळावा म्हणून नाही.

लांब जायची गरज नाही. भाऊच्या धक्क्यावरून रोरोने (गाड्याही नेणारी बोट) मांडवा, पुढे किहीम नाहीतर नागाव (चित्रकार प्रभाकर बरवे जन्मले ते हेच नागाव). वीकेंड टाळा, अर्धं दादर तिथेच असतं. रूम बघताना सी व्ह्यू राहू दे, उत्तरेकडे खिडकी आहे का विचारा, तिथून थेट ऊन फारसं येत नाही त्यामुळे रंग दिवसभर बऱ्यापैकी तसेच दिसतात. आणि रूम देणाऱ्या काकूंना पहिल्याच दिवशी सांगा, "काकू, मला हाक मारू नका हं, चहाला मीच येईन," नाहीतर त्या प्रेमाने सारख्या कोकम सरबत घेऊन येणार.

जलरंग तीनच न्या. अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ओकर (मातकट पिवळा). पहिले दोन घट्ट मिसळले की जवळजवळ काळा मिळतो, पाणी वाढवलं की राखाडी, निळा जास्त झाला तर थंड आणि सिएना जास्त तर उबदार, नुसत्या या राखाडीतच एक दिवस सहज जातो. समुद्राच्या दमट हवेत वॉश (पातळ रंगाचा थर) लवकर वाळत नाही, घरी फॅनखाली धरतो तसं करू नका, थांबा. खरं काम या थांबण्यातच होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि टिपकागदासारखा रंग पितो, म्हणून पॅड सिलिका जेल टाकून प्लास्टिकमध्ये ठेवा.

सुरुवातीला काहीच जमणार नाही, बोअर होईल, होऊ दे. फक्त स्टोरी टाकू नका, एकदा टाकली की डोकं लाइक मोजत बसतं.

बदल दिसायला वेळ लागतो, आणि तो विषयात दिसेलच असं नाही. बरवे 1961 मध्ये विव्हर्स सर्व्हिस सेंटरच्या (विणकरांसाठीचं सरकारी केंद्र) नोकरीसाठी वाराणसीला गेले, काही वर्षं राहिले, आणि त्यांच्या चित्रांत आली ती तंत्रसाधनेतली चिन्हं. चित्रकार वासुदेव गायतोंडे 1972 मध्ये मुंबई सोडून दिल्लीला गेले, वर्षाला मोजकेच कॅनव्हास करायचे. आपल्याला नोकरी, ईएमआय वगैरे आहे, त्यामुळे चार दिवस तर चार दिवस.

परत आल्यावर लगेच नवे रंग उघडू नका, तेच तीन वापरा, आणि घरचे उठायच्या आधीचा एक तास धरून ठेवा. तिकडची चित्रं फ्रेमिंगला टाकायची घाई नको, कागद नीट सुकू दे, आणि फ्रेमवाल्याला माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावायला सांगा, नाहीतर दमट कागद काचेला चिकटतो.