वडोदऱ्याहून नरारा: खारफुटी आणि किनाऱ्यांची गटसहल कशी आखावी

वडोदऱ्यातली मंडळं सहलीची तारीख सहसा सुट्ट्या पाहून ठरवतात. जामनगरजवळच्या नराऱ्याला जायचं असेल तर तारीख समुद्राला विचारावी लागते. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं. त्यातल्या पिरोटन बेटाला बोट लागते. नराऱ्याला मात्र ओहोटी लागली की तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, कडेने चालत थेट प्रवाळांपर्यंत जाता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने नराराच निवडावं.

आधी पंचांग उघडा. ऑक्टोबर ते मार्च या काळातली पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्या नंतरचे दोन-तीन दिवस घ्या. तेव्हा उधाण असतं. भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी तितकंच दूर हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी पुरेसं ओसरतच नाही आणि इतक्या लांब आलेला गट काठावरूनच परततो. दत्तजयंती पौर्णिमेलाच येते, हवाही थंड असते, म्हणून ते दिवस उत्तम. भाऊबीजेचे दिवसही समुद्राच्या दृष्टीने चांगले, पण दिवाळीत द्वारकेकडे खोल्या मिळणं कठीण.

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत इथे चालवू नका. आखातात जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यांत ओखा आणि कांडला या बंदरांच्या वेळा मिळतात. नरारा या दोन्हींच्या मध्ये पडतं, त्यामुळे तक्त्यावरून फक्त दिवस निवडा. घड्याळ लावायचं ते वनखात्याने सांगितलेल्या वेळेवर.

परवानगी जामनगरच्या वन कार्यालयातून घ्यायची. सगळ्यांची नावं एका कागदावर, सोबत ओळखपत्रांच्या प्रती. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील तर ते आधीच सांगा. वाटाड्या सोबत हवाच.

वडोदरा ते जामनगर रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे बसने जवळजवळ पूर्ण दिवस. सौराष्ट्र मेल वडोदऱ्यावरूनच जाते, पण ती अपरात्री येते. कशानेही गेलात तरी पहिला मुक्काम जामनगरला करा. रात्रभर प्रवास करून तसंच चिखलात उतरलेल्यांचे पाय तासाभरात जड होतात, आणि मग सगळा गट त्यांच्या चालीने चालतो.

पायात काय घालायचं हे गटाला दोन-दोनदा सांगा: नाडीचे, टाच झाकणारे, जुने कापडी बूट आणि जाड मोजे. चपला आणि पट्ट्याचे सँडल चिखलात राहतात. अनवाणी चालू नका. खडकांवर चिकटलेल्या शंखांच्या कडा पात्यासारख्या चिरतात. चिरलंच तर गोड्या पाण्याने धुऊन जंतुनाशक लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाय ठणकतो. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, मोबाइलला पाणी न शिरणारी पिशवी आणि बुटांची सुकी जोडी बसमध्ये. वीस जणांसाठी साठेक दशम्या आणि कोरडी चटणी पुरते. हे खाणं बसमध्येच ठेवा, आत फक्त पाणी न्या.

आता पाण्याचा हिशोब, कारण धोका इथेच आहे. भरती-ओहोटीचा फरक ४.८ मीटर धरू. त्याचे बारा भाग केले तर ओहोटी पूर्ण लागल्यावर पहिल्या तासात पाणी एक भाग, म्हणजे ४० सेंटिमीटर चढतं. दुसऱ्या तासात दोन भाग, ८० सेंटिमीटर. तिसऱ्या तासात तीन भाग, १२० सेंटिमीटर. पहिल्या तासात काहीच वाढलं नाही असं वाटतं आणि लोक रेंगाळतात. तेवढ्यात मागची खोलगट वाट भरलेली असते. म्हणून पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी आत शिरा आणि पूर्ण ओहोटी लागताच माघारी फिरा, समोर कितीही सुंदर काही दिसत असलं तरी. दहा-दहाचे दोन गट करा. प्रत्येकात एक जण सगळ्यात मागे, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही.

चिखलात पावलं छोटी टाका, तळवा सपाट ठेवा. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका, बूट आतच राहील. टाच डावी-उजवीकडे हलवून फट करा, मग पाय काढा.

तिवराला इथे चेर म्हणतात. एक पान न तोडता उलटून पाहा. खालची बाजू फिकट राखाडी, आणि कोरड्या सकाळी वर मिठाचे बारीक कण. झाड खारं पाणी पितं आणि जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं उभी असतात. चिखलात हवा नसल्याने झाड त्यांतून श्वास घेतं. ती तुडवली तर मोडतात, म्हणून वाटाड्याच्या पावलावर पाऊल टाका.

पुढे डबक्यांत समुद्रफूल, खेकडे, समुद्रकाकडी, नशीब असेल तर ऑक्टोपस. प्रवाळावर पाय देऊ नका, तो जिवंत आहे. दगड उलटून पाहिला तर तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. फुगणारा मासा फोटोसाठी पाण्याबाहेर काढायला कोणालाही सांगू नका. हवा गिळून फुगलेल्या माशाला ती सहज बाहेर टाकता येत नाही. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीच उचलायचं नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

दुसरा दिवस किनाऱ्यांचा. द्वारकेजवळच्या शिवराजपूरला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं. पोहायचं ते आखून दिलेल्या पट्ट्यातच. ओखामढीच्या वाळूत कासवं अंडी घालतात, तिथे अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन फिरू नका. हा ओखामंडळाचा मुलूख पूर्वी बडोदा संस्थानात होता, आणि संस्थानाने जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून इथल्या समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली होती. तिचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला. बसमध्ये हे मुलांना जरूर सांगा. द्वारकेत गोमती नदीच्या मुखाशी मात्र कोणालाही खोल पाण्यात जाऊ देऊ नका. तिथे ओढ जोराची असते आणि पायाखालची वाळू सरकते.